बर्फावरची जुनी पट्ट्यांची गाडी ओळखायची कशी? खालून वर बघत जा

कॅनडातल्या कॅल्गरीच्या उत्तरेला एका शेतावर, धान्याच्या कोठारामागे, एक नारिंगी गाडी बरीच वर्षं उभी होती. दारावर कुणीतरी ब्रशने ‘टकर’ असं रंगवलेलं. टकर म्हणजे बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाड्या बनवणारी अमेरिकन कंपनी. मालक म्हणाला, वडिलांनी सेकंडहँड घेतली होती, टकरच आहे, सगळे तेच म्हणतात. जुन्या यंत्रांचा मला नाद आहे हे ठाऊक असलेल्या एका मित्राने मला तिथे नेलं. मी लांबून बघितलं. नारिंगी रंग, चौकोनी केबिन, खाली पट्टे. मीही मान डोलावली. फोटो काढले, चार जाणकारांना ‘टकर सापडली’ म्हणून पाठवले, आणि दुसऱ्याच दिवशी तोंडघशी पडलो.

चूक साधी होती. मी वरून खाली बघितलं होतं. या गाड्या नेहमी खालून वर बघायच्या. रंग कुणीही मारतो. इंजिन चाळीस वर्षांत दोनदा तरी बदललेलं असतं. केबिन कुजली की शेतकरी प्लायवूडची नवी ठोकतो. पण पट्टा, त्यातली चाकं आणि ती फिरवणारं दातेरी चाक बदलायला बक्कळ पैसा लागतो, आणि ते काम सहसा कुणी करत नाही. म्हणून गाडीची जात खाली असते.

आपल्याकडे पोकलेन सांगताना लोक विचारतात, ‘टायरची की चेनची?’ हा लेख चेनवाल्यांबद्दल आहे, फक्त बर्फावरच्या. साधारण १९२० ते १९८० या काळातली यंत्रं यात येतात. परदेशात राहणाऱ्यांना अशी गाडी शेतावर, लिलावात किंवा संग्रहालयात दिसते. भारतातल्यांना बहुधा फोटोत. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली, आणि आपली ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही आज गोव्यात, वास्कोला आहे. त्या मोहिमांवर जाऊन आलेल्या कुणा काकांच्या अल्बममध्ये अशा गाडीसमोर उभं राहून काढलेला फोटो हमखास असतो. त्यावरून गाडी सांगायची असेल तरी रीत हीच.

जाण्याआधी

मालकाची परवानगी घ्या. भंगार दिसलं तरी ते कुणाचं तरी असतं. सोबत मोजमापाची टेप, खडू, पेन्सिल, पातळ कागद, टॉर्च, जुनी चिंधी आणि जमिनीवर अंथरायला एक मोठा पुठ्ठा. पुठ्ठ्याला हसू नका. उणे पंधरा तापमानात गाडीखाली पाठीवर झोपायचं असेल तर चटईपेक्षा पुठ्ठा बरा, ओला झाला की टाकून देता येतो.

गाडी सुरू करून बघू नका. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. आणि कारखान्याच्या पाटीवर रंग असेल तर सँडपेपर मुळीच लावू नका. त्या पातळ पत्र्यावर ठोकलेले आकडे दोन मिनिटांत पुसले जातात.

फोटो काढताना आपला हात आपोआप तिरप्या कोनात जातो, कारण गाडी तशी देखणी दिसते. ओळखीसाठी तो फोटो बिनकामाचा. गुडघ्यावर बसा आणि अगदी बाजूने, सरळ फोटो घ्या, म्हणजे चाकं मोजता येतात. मग समोरून, मागून, पट्ट्याची आतली बाजू, दातेरी चाकाशेजारी टेप धरून, चालकाची जागा, इंजिन दोन्ही बाजूंनी. शेतावर मी पहिल्या दिवशी काढलेल्या तेवीस फोटोंपैकी एकही बाजूने सरळ नव्हता. माझ्या फजितीचं अर्धं कारण तेच.

पहिली पायरी: पट्टे मोजा, स्की मोजा

वीस पावलांवर उभे राहा आणि फक्त मोजा. एवढ्यानेच शंभरातल्या ऐंशी शक्यता गळून जातात.

एक पट्टा आणि पुढे स्की, म्हणजे बर्फावरून घसरणारी लांब फळी असली, तर ती एकट्या-दुकट्याने चालवायची स्नोमोबाइल. दोन पट्टे आणि पुढे फक्त एक स्की दिसली, तर फारसा विचार करू नका: ती रशियाची बुरान, व्होल्गाकाठच्या रिबिन्स्क शहरात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बनणारी. मागे दोन पट्टे आणि पुढे दोन स्की असतील, तर कॅनडाच्या बोंबार्डिए कंपनीच्या जुन्या बस, टकरची सुरुवातीची मॉडेलं किंवा मोटारीवर पट्टे चढवून केलेले जुगाड. दोन लांब पट्टे आणि स्की अजिबात नाही, हा सगळ्यांत गर्दीचा गट. यात वीझल, मस्केग, थायोकोल, स्नो ट्रॅक, नॉडवेल असे बरेच जण येतात. आणि चार पट्टे, चार कोपऱ्यांत चार: तिथे टकरचं नाव पहिलं घ्यायचं.

चार पट्ट्यांत एक मेख आहे. स्वीडनच्या व्होल्व्होची बीव्ही २०२ ही लष्करी गाडीही चार पट्ट्यांवर चालते, पण तिची दोन धडं असतात. पुढच्या डब्यात इंजिन आणि चालक, मागच्या डब्यात माणसं किंवा सामान, मध्ये सांधा. वळताना ती सुरवंटासारखी मध्ये मोडते. १९६० च्या दशकापासूनची ही गाडी; तिच्या पुढच्या पिढीची, हेग्लुंड्सची बीव्ही २०६, आपल्याला बातम्यांतून जास्त दिसते.

आणि माझी नारिंगी गाडी? पट्टे दोन. जुन्या टकरला दोन पट्टे असले तर पुढे स्की हवी. इथे स्की नव्हती, आणि ती कधी असावी अशी जागाही नव्हती. इथेच थांबून विचार केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

दुसरी पायरी: पट्टा कशाचा आहे?

आता जवळ जा. पट्ट्यांचे ढोबळ चार प्रकार लक्षात ठेवले की पुरे.

पहिला, पोलादी शिडी. टकरचा जुना पट्टा असा: दोन बाजूंना साखळी, मध्ये आडवे पोलादी दांडे, मध्ये पोकळी. आणि ही शिडी चाकांवरून फिरत नाही, तर एका बंद, होडीच्या तळासारख्या आकाराच्या पोंटूनभोवती फिरते. एकदा बघितलात की विसरणार नाही. टायरच नाहीत, चाकांची रांगच नाही, नुसती एक लांबट होडी आणि तिच्याभोवती शिडी. एमिट टकर यांनी ओरेगॉन राज्यातल्या मेडफर्ड गावी १९४० च्या दशकापासून या गाड्या बनवल्या. ‘स्नो-कॅट’ हे नाव मुळात त्यांच्या कंपनीचं. आज लोक कुठल्याही पट्टेवाल्या गाडीला स्नोकॅट म्हणतात, आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं, आणि निम्मा घोटाळा त्यातूनच होतो.

दुसरा, रबरी पट्टे आणि पोलादी आडव्या पट्ट्या. दोन किंवा अधिक लांब रबरी बेल्ट शेजारी शेजारी, आणि त्यांना जोडणाऱ्या पोलादी पट्ट्या, ज्या बर्फात रुततात. या पट्ट्यांना तिथले मेकॅनिक ‘ग्राउझर’ म्हणतात. बोंबार्डिए, थायोकोल, नॉडवेल अशा अनेकांचं कुळ हे. १९७० च्या सुमारापासून टकरही रबराकडे वळली, त्यामुळे रबर दिसलं म्हणून टकर बाद करायची नाही. तेव्हा पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन पट्टे मोजायचे.

तिसरा, रणगाड्यासारख्या ओतीव पोलादी कड्यांची साखळी. ही दिसली की लष्करी तोफओढ्या गाडीचा वंश शोधायचा. सोव्हिएत यंत्रं बहुतेक इथे बसतात.

चौथा, एकसंध ओतलेला रबरी पट्टा. तो स्नोमोबाइलचा.

टेप इथेच लावायची. पट्ट्याची रुंदी ही फार बोलकी गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन एम-२९ वीझलला सुरुवातीला १५ इंची पट्टे होते, नंतर २० इंची आले. पट्ट्याची रुंदी, दोन आडव्या पट्ट्यांमधलं अंतर आणि रबरी बेल्टची संख्या, हे तीन आकडे वहीत लिहा. फोटो कितीही चांगला असला तरी हे त्यातून नक्की कळत नाही.

तिसरी पायरी: चाकं, पाटे आणि दातेरी चाक

पट्ट्याच्या आत बघा. हवेचे टायर आहेत, की भरीव रबर चढवलेली लहान चाकं, की मोठ्या पोलादी तबकड्या? हवेचे टायर असले तर गाडी बहुधा शांततेच्या काळातली, नागरी कामाची: खांबांच्या तारा बघणारे, तेल शोधणारे, स्की-उतारावर काम करणारे. लहान लहान चाकांची दाट रांग आणि त्यांच्यावर आडवे पाटे दिसले, तर वीझलचा विचार करा.

वीझलवर जरा थांबतो, कारण जगभर पुष्कळ सापडणारी आणि पुष्कळदा चुकीची सांगितली जाणारी गाडी ही. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेच्या बर्फात छापे घालायची एक योजना जेफ्री पाइक या विक्षिप्त इंग्रजाच्या डोक्यातून निघाली. त्यासाठी १९४२ मध्ये अमेरिकेच्या स्टुडबेकर कंपनीने ही गाडी घाईघाईने उभी केली. छापे पडलेच नाहीत, गाडी मात्र राहिली. सगळ्या मिळून सुमारे पंधरा हजार बनल्या. जमिनीवर तिचा दाब चौरस इंचाला जेमतेम दोन पौंड, म्हणजे तुमच्या-माझ्या पावलापेक्षाही कमी. युद्धानंतर त्या स्वस्तात विकल्या गेल्या. पॉल-एमिल व्हिक्तोर यांच्या फ्रेंच मोहिमांनी त्या ग्रीनलंडच्या हिमस्तरावर नेल्या, आणि १९४९ ते ५२ च्या नॉर्वे-ब्रिटन-स्वीडन संयुक्त मोहिमेने अंटार्क्टिकावर.

तिच्यातले तीन भाऊ असे वेगळे करायचे. एम-२८ हा पहिला: इंजिन मागे, पट्टा ओढणारं दातेरी चाक पुढे. एम-२९ मध्ये हे उलटलं: इंजिन पुढे चालकाच्या उजव्या हाताला, दातेरी चाक मागे. तिसरी एम-२९ सी, पाण्यात तरंगणारी. तिला पुढे-मागे हवेच्या टाक्या जोडलेल्या, त्यामुळे साडेदहा फुटांची गाडी सोळा फुटांच्या आसपास जाते, आणि पाठीमागे होडीसारखी दोन सुकाणं. अडचण अशी की बर्फावर या टाक्यांचा उपयोग नव्हता, म्हणून पुष्कळ मालकांनी त्या कापून टाकल्या. मग सी ची साधी एम-२९ वाटायला लागते. अशा वेळी मागच्या पत्र्यावर बोटं फिरवा. सुकाणूच्या बिजागऱ्यांची भोकं वेल्डिंगने बुजवलेली असली तरी उंचवटा हाताला लागतोच. डोळ्याला जे दिसत नाही ते या कामात बोटाला कळतं.

दातेरी चाक पुढे की मागे, हा प्रश्न प्रत्येक गाडीला विचारा. पट्टा चालवणारं चाक ते, ज्याला दात असतात आणि ज्याच्या आसाला आतून ताकद येते. दुसऱ्या टोकाचं बिनदातांचं चाक फक्त पट्टा ताणून धरतं. गंजलेल्या गाडीत दोन्ही सारखी दिसू शकतात. आसामागे डोकावून बघा, ब्रेक किंवा गिअरचा डबा ज्या टोकाला आहे ते खरं.

सोव्हिएत गाड्यांत चाकांची संख्याच ओळख सांगते. ‘खारकोव्हचान्का’ हा अवाढव्य बर्फबंगला खारकोव्हच्या कारखान्याने एटी-टी या तोफओढ्यावरून बनवला. मूळ गाडीला एका बाजूला पाच चाकं, हिला लांबवून सात केली. वर बससारखा डबा. आत झोपायच्या बर्थ, स्वयंपाकाची जागा, आणि इंजिनही डब्यातच, म्हणजे बाहेर उणे साठ असताना दुरुस्ती उबेत बसून करता यावी. ही गाडी डिसेंबर १९५९ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचली. गंमत म्हणून सांगतो, फोटोत ती लहान वाटते. शेजारी माणूस उभा असला की मग धडकी भरते.

चौथी पायरी: चालकाच्या जागेवर बसा

बसण्याआधी सीट काठीने हलवा; उंदरांची घरटी असतात, आणि उन्हाळ्यात गांधीलमाश्याही. मग बघा, हातात काय येतं? गोल स्टिअरिंग, की दोन उभे दांडे?

दोन दांडे असतील तर डावा ओढला की डावा पट्टा मंदावतो आणि गाडी डावीकडे वळते. डोझर चालवलेल्याला हे सांगायला नको. वीझल आणि थायोकोलच्या बहुतेक जुन्या गाड्या अशा. गोल स्टिअरिंग असेल तर दोन शक्यता. पुढे स्की आहेत आणि स्टिअरिंग त्या वळवतं, किंवा टकरसारखे पोंटूनच वळतात. चार पोंटूनच्या टकरमध्ये पुढची जोडी एकीकडे आणि मागची जोडी उलटीकडे वळते, म्हणून ती आपल्या लांबीच्या मानाने फार कमी जागेत फिरते.

दोन लांब पट्टे, स्की नाही आणि तरी गोल स्टिअरिंग, अशी गाडी भेटली तर स्वीडनची स्नो ट्रॅक असण्याची दाट शक्यता. आक्टिव्ह कंपनीने १९५७ ते १९८१ या काळात दोन हजारांहून जास्त बनवल्या. तिच्यात बेल्ट आणि पुलीची एक युक्ती आहे, तिला व्हेरिएटर म्हणतात: स्टिअरिंग फिरवलं की एका पट्ट्याचा वेग घटतो तेवढाच दुसऱ्याचा वाढतो. स्कूटरच्या व्हेरिओमॅटिकची दूरची चुलती म्हणा. ब्रिटिश रॉयल मरीन्सनी नॉर्वेत त्या वापरल्या. इंजिन फोक्सवॅगन बीटलचं. सुरू झाली की बंद डोळ्यांनीही तो फटफट आवाज ओळखता येतो.

पाचवी पायरी: अंगावरचे कपडे

खालचं सगळं टिपून झालं, मगच वर बघायचं.

बोंबार्डिएच्या बसबद्दल मात्र हा नियम थोडा सैल करतो, कारण तिचं अंगच तिची सही आहे. क्विबेकच्या व्हालकूर गावातल्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए या मेकॅनिकचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात गेला. पोटात गंभीर संसर्ग झालेला, आणि बर्फाने रस्ते बंद असल्यामुळे दवाखान्यात नेता आलं नाही. तीन वर्षांनी, १९३७ मध्ये, त्यांच्या पट्ट्याला आणि रबर चढवलेल्या दातेरी चाकाला पेटंट मिळालं आणि सात जणांची बी-७ बाजारात आली. मग १९४२ च्या सुमारास बारा जणांची बी-१२. प्लायवूडचं गोलसर अंग, पुढे स्की, इंजिन पाठीमागे, आणि बाजूंना जहाजासारख्या गोल खिडक्या. त्या खिडक्या दिसल्या की दुसरं नाव घ्यायची गरज नाही. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं, पाद्री, सगळे यातून गेले. १९४८ मध्ये क्विबेक सरकारने हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ काढायला सुरुवात केली आणि या बसचं गिऱ्हाईक आटलं. त्यातून बोंबार्डिए दलदलीत आणि जंगलात चालणाऱ्या मस्केग ट्रॅक्टरकडे वळले, तो १९५३ चा. व्हालकूरला त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे, जवळ असाल तर बी-१२ चा तळ वाकून बघून या.

बी-१२ खरेदी करायच्या बेतात असाल तर प्लायवूडवर अंगठ्याचं नख दाबा. आत गेलं तर अंग कुजलंय. पूर्ण नवं अंग बसवलेल्या गाड्याही असतात. खोटेपणा म्हणून नव्हे, त्या चालवायच्या म्हणून तसं करतात, पण वर्ष सांगताना हे धरायला हवं.

मोटारीवर केलेले जुगाड हा वेगळाच विषय. १९२० च्या दशकात न्यू हॅम्पशायरच्या व्हर्जिल व्हाइट यांनी फोर्ड मॉडेल टी साठी संचच विकला: पुढे चाकांऐवजी स्की, मागे जादा आस आणि त्यावर पट्टा. त्याला ते ‘स्नोमोबाइल’ म्हणत, शब्द तिथून रुळला. त्याआधी रशियाच्या झारच्या गॅरेजमध्ये अडोल्फ केग्रेस या फ्रेंच माणसाने मोटारींना रबरी पट्टे बसवले होते. लेनिनची रोल्स रॉइस तशीच आहे आणि मॉस्कोजवळ गोर्की लेनिन्स्किये इथे जपलेली आहे. केग्रेस पुढे फ्रान्सला परतले आणि सित्रोएनसाठी काम करू लागले. त्यांच्या पट्ट्यांच्या दोन गाड्या १९३१ मध्ये श्रीनगरहून बुर्झिल खिंड ओलांडून गिलगिटपर्यंत पोचल्या. हिमालयाच्या त्या वाटेवर तेव्हा खेचरं चालायची, त्यामुळे जागोजागी वाट रुंद करत, कधी गाडीचे भाग सुटे करत हे लोक गेले.

आणि एक ओळखीचा चेहरा. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले ते फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरवर. आपल्या शेतकऱ्याला फर्ग्युसन सांगायला नको. मागचं मोठं चाक, पुढचं छोटं, मध्ये एक जादा चाक आणि तिघांवरून एकच पट्टा. पट्ट्याच्या आत ट्रॅक्टरची मूळ चाकं जशीच्या तशी दिसली, तर ती मुळात बर्फाची गाडी नव्हे, हे त्यावरून कळतं. अंटार्क्टिका ओलांडायच्या त्याच मोहिमेत दुसऱ्या बाजूने व्हिव्हियन फुक्स चार टकर घेऊन निघाले, ९९ दिवसांत सुमारे ३,४७० किलोमीटर कापून २ मार्च १९५८ रोजी पलीकडे पोचले, चारही टकरांसकट. हिमभेगेवर लोंबकळणाऱ्या त्यांच्या टकरचे फोटो जरूर शोधा. प्रत्येक पोंटून आपापल्या कोनात लटकलेला दिसतो. चारही पोंटून सुटे हलतात हे त्याहून चांगलं कुठे कळणार नाही.

स्नोमोबाइलची गोष्ट लवकर आटोपतो, कारण १९७० च्या आसपास शंभराहून जास्त कंपन्या त्या बनवत होत्या आणि त्यांच्यावर वेगळं लिहावं लागेल. एवढंच बघा: इंजिन पुढे की मागे? पोलारिसच्या १९५० च्या दशकातल्या पहिल्या गाड्यांचं इंजिन मागे, चालकाच्या पाठीशी. बोंबार्डिएच्या १९५९ च्या पिवळ्या स्की-डूचं पुढे. त्या पहिल्या हंगामातल्या स्की-डूच्या स्की लाकडी होत्या. लाकूड मूळचं असेल तर गाडी खाली ठेवू नका, घरी न्या.

सहावी पायरी: इंजिन, पण जपून

इंजिनावरून गाडी ठरवायची नाही, फक्त ताळा करायचा. वीझलमध्ये स्टुडबेकर चॅम्पियनचं सहा सिलिंडरचं इंजिन असायला हवं, बी-१२ मध्ये क्रायस्लरचं सहा सिलिंडरचं, फुक्स यांच्या मोठ्या टकरमध्ये क्रायस्लरचंच आठ सिलिंडरचं. दुसरं काही निघालं तर आधी इंजिनाचे माउंट बघा. कारखान्याचं वेल्डिंग सरळ, दोन्हीकडे सारखं. शेतावरचं वेल्डिंग मुंग्यांच्या वारुळासारखं. ओतीव ब्लॉकवर आकडे असतात, त्यातून इंजिनाचं वर्ष निघतं. गाडीचं नव्हे. मी बघितलेल्या एका यादीत एकच गाडी तीन वर्षांच्या नावाने होती, कारण प्रत्येक मालकाने आपापल्या इंजिनाचा आकडा वाचला होता.

सातवी पायरी: पाटी

पाटी सगळ्यांत शेवटी. आधी वाचली की मन तिच्याच बाजूने पुरावे गोळा करतं.

डॅशबोर्ड, दाराची आतली चौकट, सीटखालचा पत्रा, चासीच्या बाजू, या क्रमाने शोधा. पाटी नसेल तर चार रिव्हेटची भोकं शोधा. त्यांच्यातलं अंतर मोजून ठेवा. पाटी रंगाखाली असेल तर पातळ कागद वर ठेवून पेन्सिल आडवी घासा, आकडे कागदावर उमटतात. चासीवर ठोकलेल्या नंबरावर खडू चोळा आणि बोटाने पुसा, खड्ड्यात पांढरं राहतं.

जुन्या टकरच्या मॉडेल नंबरात एक सोय आहे. तीन आकड्यांतला मधला आकडा पट्टे सांगतो: ३२३ मध्ये दोन, ७४३ मध्ये चार. पाटीवर ४४३ आणि खाली दोनच पट्टे, असं दिसलं तर पाटी दुसऱ्या गाडीची आहे.

आता माझ्या गाडीकडे. आठ दिवसांनी पुन्हा गेलो, पुठ्ठा घेऊन. पट्टे दोन, लांब. रबरी बेल्ट, पोलादी आडव्या पट्ट्या. आत हवेचे टायर. आत बसल्यावर दोन उभे दांडे, त्यांच्या मुठी हाताने गुळगुळीत झालेल्या. इंजिन फोर्डचं, सहा सिलिंडरचं, माउंट दोन्हीकडे सारखे, म्हणजे बहुधा मूळचं. एवढ्यावर वहीत ‘थायोकोलचा वंश’ असं लिहिलं. थायोकोल म्हणजे युटातली अग्निबाणांचं घन इंधन बनवणारी कंपनी. चॅलेंजर अपघाताच्या वेळी जे नाव वर्तमानपत्रांत आलं, तीच. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ती बर्फगाड्याही बनवायची, हे बहुतेकांना माहीत नसतं.

डॅशबोर्डवर उजवीकडे नारिंगी रंगाच्या तीन थरांखाली एक चौकोन हाताला लागला. कागद ठेवला, पेन्सिल घासली. आधी एक नुसती रेघ उमटली, मग अक्षरं: डी, एम, सी.

१९७८ मध्ये थायोकोलने हा विभाग जॉन डिलोरियन यांना विकला, तेच डिलोरियन ज्यांच्या वर उघडणाऱ्या दारांच्या चकचकीत मोटारी सगळ्यांना माहीत आहेत. डीएमसी मधला डी त्यांचाच. म्हणजे गाडी १९७८ नंतरची, आणि टकरशी तिचं नातं फक्त रंगाचं.

मालकाला सांगितलं. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, दाराकडे बघितलं, आणि म्हणाला, अक्षरं वडिलांनी रंगवलीत, ती राहू देत. मी वहीत खाली एक ओळ वाढवली: ‘डावं दार, हाताने रंगवलेलं टकर, पुसू नये.’